सदतीस वर्षांची केबल आणि तिची तपासणी करणारी सेवा: अकोट्यातील आमच्या सोसायटीचा अनुभव

बडोद्यात अकोटा भागात आमची ६४ टेनामेंटची सोसायटी १९८८ साली उभी राहिली, आणि फाटकाजवळच्या पॅनलपासून मागच्या पंपघरापर्यंत जमिनीखालून गेलेली केबलही त्याच वर्षीची आहे. केबल साडेतीन कोअर (आतल्या तारा: तीन फेजच्या पूर्ण जाडीच्या आणि न्यूट्रलची अर्ध्या जाडीची), ५० चौरस मिलिमीटर, ॲल्युमिनियमची, पीव्हीसी इन्सुलेशनची आणि आर्मर, म्हणजे धातूच्या पट्ट्यांचे कवच, असलेली आहे. पंपघरातल्या बोर्डावरून पाण्याचा पंप, रस्त्यावरचे दिवे, सभागृह आणि दोन वर्षांपूर्वी बसवलेले विजेवरच्या गाड्यांचे दोन चार्जर चालतात. मीटरच्या पुढची असल्यामुळे ही केबल वीज कंपनीची नसून सोसायटीची आहे, आणि म्हणून तिची देखभालही सोसायटीनेच करायची आहे. २०२५ च्या पावसाळ्यात या केबलने आम्हाला फार त्रास दिला. त्या निमित्ताने शहरातील एका केबल तपासणी सेवेला आम्ही जुलै ते ऑक्टोबर या काळात वरचेवर बोलावले. त्यांचे काम मला एकंदरीत चांगले वाटले, काही बाबतींत अपुरेही वाटले, आणि दोन्ही गोष्टी नीट लिहून ठेवाव्यात म्हणून हे परीक्षण. सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही. अशी कामे करणारे बडोद्यात आणखीही आहेत, आणि कोणालाही बोलावले तरी त्यांच्याकडून काय मागून घ्यायचे हे कळणे नावापेक्षा जास्त उपयोगाचे आहे. मी स्वतः नंदेसरीतील एका रसायन कारखान्यात ३१ वर्षे विद्युत देखभालीचे काम केले असल्यामुळे या मंडळींच्या शेजारी उभे राहून प्रत्येक आकडा वहीत उतरवून घेणे मला शक्य झाले.

त्रासाची सुरुवात अशी झाली. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या आवारात दोन दिवसांहून अधिक काळ पाणी उभे होते. त्या वेळी केबलला काहीच झाले नाही असे आम्ही समजलो. जून २०२५ मध्ये पहिला जोराचा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पॅनलमधील आर फेजचा (तीन फेजना आर, वाय, बी म्हणतात) ६३ ॲम्पियरचा एचआरसी, म्हणजे मोठा करंट सुरक्षितपणे तोडणारा, फ्यूज उडाला. वायरमनने नवा फ्यूज टाकला आणि सगळे पूर्ववत चालू झाले. नऊ दिवसांनी पुन्हा तोच फ्यूज उडाला, पुन्हा बदलला, पुन्हा चालू झाले. रात्रपाळीचे चौकीदार मधूनमधून सांगत असत की रात्री दिवे लुकलुकतात, पण सकाळी पाहावे तर सर्व ठीक असे. जुलैच्या मध्यापर्यंत सहा फ्यूज गेले होते आणि सभासदांचा, साहजिकच, पंपावर संशय होता.

लो-टेन्शनच्या, म्हणजे कमी दाबाच्या, जुन्या केबलमधील फॉल्ट (बिघाड) असाच वागतो, आणि हे माहीत नसले की माणूस पंप, स्टार्टर, वायरिंग असे सगळे बदलत बसतो. केबलच्या एखाद्या सांध्यात किंवा चिरलेल्या इन्सुलेशनमध्ये पाणी शिरते, तेथून करंट गळू लागतो, एका क्षणी ठिणगी पडून मोठा करंट जातो आणि फ्यूज उडतो. परंतु त्याच ठिणगीच्या उष्णतेने तेथील पाणी वाफ होऊन निघून जाते आणि ती जागा पुन्हा कोरडी होते. नवा फ्यूज टाकला की म्हणूनच तो टिकतो. पुढे ओल परत झिरपते आणि तेच चक्र सुरू होते. पुष्कळदा ठिणगी अर्ध्या सायकलपुरती, म्हणजे शंभरांश सेकंदभर पडून विझते. तेवढ्यात फ्यूज वितळत नाही, फक्त दिवा डोळा मिचकावल्यासारखा होतो. चौकीदार जे सांगत होते ते हेच होते, आणि त्यांच्या सांगण्याची तारीख-वेळ आम्ही तेव्हापासूनच लिहून ठेवायला हवी होती.

या सेवेकडे जाण्यापूर्वी आम्ही आणखी एका ठेकेदाराला बोलावले होते. त्याचा उल्लेख केवळ तुलनेसाठी करतो. त्याने सर्ज जनरेटर, म्हणजे उच्च दाबाचे ठोके देणारे यंत्र, आणला, आणि पंपघरातील जोडण्या पुरत्या सुटल्या आहेत की नाहीत हे न पाहता पाऊण तास केबलला उच्च दाबाचे ठोके दिले. जमिनीत कोठेही आवाज ऐकू आला नाही, पंपाचा लेव्हल कंट्रोलर मात्र जळाला. ठोके देण्याची पद्धत चुकीची नाही. ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) केबलमध्ये फॉल्ट याच पद्धतीने ऐकून शोधतात. परंतु १.१ केव्ही दर्जाच्या नव्या कोऱ्या केबललासुद्धा कारखान्यातील नेहमीच्या चाचणीत ३ केव्ही एसी पाच मिनिटे देतात, तेव्हा सदतीस वर्षे जमिनीत मुरलेल्या पीव्हीसीला त्याहून अधिक दाबाचे ठोके देत राहणे म्हणजे एक भोक शोधताना दुसरे पाडण्याचा धोका पत्करणे होय. केबलच्या मालकाने हा प्रश्न आधी विचारलाच पाहिजे: किती दाब देणार, किती वेळ देणार, आणि पलीकडच्या टोकाला काय काय जोडलेले आहे?

ज्या सेवेबद्दल लिहितो आहे, त्या सेवेचे दोघे जण २९ जुलैला सकाळी आले. एक अनुभवी तंत्रज्ञ होते आणि एक तरुण मदतनीस. त्यांनी पहिला तासभर यंत्राला हातच लावला नाही. पॅनलमधून चारही कोअर सोडवले, पंपघरातील चारही लग (तारांच्या टोकांच्या जोडण्या) सोडवून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळले, न्यूट्रलची अर्थिंगची लिंक काढली आणि मगच मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र, लावला. ५०० व्होल्टला एक मिनिट धरून घेतलेली वाचने अशी होती: वाय फेज आणि आर्मर यांच्यात ४ मेगओहम, बी फेज आणि आर्मर यांच्यात ६ मेगओहम, आणि आर फेजचा काटा जवळजवळ शून्यावर, ०.०३ मेगओहम, म्हणजे ३० हजार ओहम. नियमाप्रमाणे किमान १ मेगओहम हवा, त्यामुळे आर फेजचा निकाल तेथेच लागला.

यानंतर त्यांनी टीडीआर लावला. हे यंत्र केबलमध्ये एक सूक्ष्म विद्युत स्पंद सोडते आणि तो कोठून कोठून परत येतो ते पडद्यावर दाखवते. विहिरीत हाक मारून प्रतिध्वनीवरून खोली ओळखावी तसा हा प्रकार आहे. पीव्हीसी केबलमध्ये हा स्पंद प्रकाशाच्या साधारण निम्म्या वेगाने धावतो, पण नेमका वेग केबलच्या घडणीप्रमाणे बदलतो, आणि वेग पाच टक्क्यांनी चुकीचा धरला तर आमच्या केबलमध्ये दहा मीटरपर्यंत भलतीकडेच खड्डा खणला गेला असता. तंत्रज्ञांनी पुस्तकी वेग न वापरता, सोसायटीच्या जुन्या नकाशातील आणि टेपने मोजलेली लांबी २१४ मीटर धरून, चांगल्या फेजच्या शेवटच्या प्रतिध्वनीवरून वेग जुळवून घेतला. मला त्यांच्यावर विश्वास बसला तो येथे.

टीडीआरवर आर फेजचा फॉल्ट दिसला नाही, आणि दिसणारही नव्हता. फॉल्टचा रोध शंभर-दोनशे ओहमच्या आत असला तर स्पंद तेथून ठळकपणे परत येतो. ३० हजार ओहमच्या ओलसर गळतीवरून तो सरळ पुढे निघून जातो. पडद्यावर दोन लहान उंचवटे मात्र स्पष्ट होते, एक ६१ मीटरवर आणि एक १३७ मीटरच्या आसपास. तंत्रज्ञ म्हणाले, ‘‘काका, येथे दोन जॉइंट असले पाहिजेत.’’ आमच्या कोणाच्याच आठवणीत एकही जॉइंट नव्हता. मग पहिल्या रांगेतले जुने सभासद, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते आपण होऊन बाहेर आले आणि त्यांनी सांगितले की गॅसची पाइप टाकताना एकदा कुदळीने केबल तुटली होती आणि एका दुपारीच जोडली होती, तर दुसरा जॉइंट कडुनिंबाचे झाड पडले त्या वर्षीचा. दोन्ही गोष्टी सोसायटीच्या कोणत्याही कागदावर नाहीत. जॉइंट कोठे आहे, कोणी केला आणि कधी केला एवढे तीन रकाने कोणी ठेवले असते तर आमचा एक पूर्ण दिवस वाचला असता.

फॉल्टची जागा काढण्यासाठी त्यांनी ‘ब्रिज’ नावाच्या विद्युत मंडलाची जुनी पद्धत वापरली, जिला आम्ही कारखान्यात मरे लूप म्हणत असू. खराब फेज आणि चांगली फेज पलीकडच्या टोकाला जाड पट्टीने जोडायची, म्हणजे जाऊन-येऊन ४२८ मीटरचा एक फेरा तयार होतो, आणि या फेऱ्यात करंट किती अंतरावर जमिनीकडे निसटतो ते गुणोत्तराने काढायचे. फॉल्टचा रोध हजारो ओहम असला तरी ही पद्धत चालते, अट इतकीच की परतीचा कोअर त्याच जाडीचा हवा. मदतनीस न्यूट्रलला पट्टी लावू लागला तेव्हा तंत्रज्ञांनी त्याला थांबवून समजावले की साडेतीन कोअरमधला न्यूट्रल अर्ध्या जाडीचा असतो, त्याने हिशेब बिघडेल. शिकवण्याची ही पद्धत मला आवडली. उत्तर ३२.२ टक्के आले, म्हणजे पॅनलपासून १३८ मीटर. टीडीआरवरील दुसरा उंचवटा तेथेच होता.

तरीही त्यांनी लगेच खणायला घेतले नाही. केबल जमिनीत सरळ रेषेत नसते. टाकताना ठिकठिकाणी वळसे सोडलेले असतात, त्यामुळे केबलवरचे १३८ मीटर आणि जमिनीवरचे १३८ मीटर एक नसतात. त्यांनी आर फेजमध्ये ठरावीक अंतराने चालू-बंद होणारा कमी दाबाचा संकेत सोडला आणि इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची, दोन टोकदार पायांची चौकट घेऊन ते चालू लागले. चौकटीचे दोन्ही पाय मातीत रोवले की मधला काटा फॉल्टच्या दिशेला झुकतो. फरसबंदीवर पाय रुततच नाहीत, म्हणून मदतनीस बादलीने पाणी टाकत, फटीफटीतून रोवत पुढे सरकत होता. बागेच्या कुंपणापर्यंत काटा सतत पुढेच दाखवत होता. कुंपणापलीकडे, जेथे पूर्वी कडुनिंब होता त्या जागी, त्याने एक पाऊल टाकले आणि काटा उलटा फिरला. पाऊल अर्धे मागे घेतले तेव्हा काटा मध्यावर स्थिर झाला. तेथे खडूने फुली मारली. टेपने मोजले तर पॅनलपासून १३५ मीटर भरले.

माळ्याने आणि मी मिळून खणायला सुरुवात केली. केबल साधारण पाऊण मीटर खोल असावी असा दंडक आहे आणि आमची तेवढी होतीही. वर विटांचा थरही सापडला. पण जॉइंटच्या जागी ना वाळू होती ना विटा, नुसती काळी माती होती. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत आकसते, आणि जॉइंटला दरवर्षी ओढत-ढकलत राहते. जॉइंट म्हणजे गुंडाळलेल्या टेपचा गोळा होता. टेपचा डिंक काळ्या काकवीसारखा झाला होता आणि बोट लावले की सुटत होता. आत आर फेजच्या ॲल्युमिनियमच्या नळीवर पांढरी, ओली, चुन्यासारखी भुकटी साचली होती. ॲल्युमिनियम पाण्याने कुजले की ही भुकटी होते, ती धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि भोवतीचे इन्सुलेशन आतून फोडते. त्या भुकटीत मोहरीएवढे तीन काळे डाग होते, ठिणग्या पडल्या त्या जागांचे. जळक्या पीव्हीसीचा तो आंबूस वास खड्डा उघडून अर्धा तास झाला तरी जात नव्हता.

जॉइंट त्यांनी रेझिन ओतून केला. हीट श्रिंक (आच देऊन आकसवायची नळी) का नाही असे विचारल्यावर तंत्रज्ञांनी दिलेले उत्तर मला पटले: जुने पीव्हीसी मऊपणा देणारे द्रव्य गमावून कडक झालेले असते, त्याला ज्योतीची आच देणे आणि सरळ करण्यासाठी वाकवणे दोन्ही टाळावे. खड्ड्यात केबल उचलतानाही ते अगदी जपून, दोन्ही हातांनी आधार देऊन उचलत होते. जुन्या केबलचा एक फॉल्ट काढला की महिन्याभरात दोन हात पलीकडे दुसरा निघतो, त्याचे कारण बहुतेक वेळा ही ओढाताणच असते.

दुरुस्तीनंतर तिन्ही फेजची वाचने ९ ते १२ मेगओहमच्या दरम्यान आली. त्या दिवशी काम येथेच संपले असते, आणि बहुतेक सेवा येथेच संपतात. संध्याकाळी अहवालाचा कच्चा कागद वाचताना मला दिसले की न्यूट्रल आणि आर्मर यांच्यातील वाचन घेतलेलेच नाही. फोन केला तेव्हा तंत्रज्ञांनी चूक मान्य केली, आणि चारच दिवसांनी, पाऊस मध्ये थांबलेला असताना, वेगळे पैसे न घेता ते परत आले. ही उणीव लहान नव्हती. न्यूट्रलवर व्होल्टेज जवळजवळ नसते, त्यामुळे त्याचे इन्सुलेशन पूर्ण गेले तरी फ्यूज उडत नाही आणि आजार बाहेर दिसत नाही. दिसतो तो एकदम न्यूट्रल तुटल्यावर, आणि तेव्हा एका फेजवरच्या दिव्यांना २३० ऐवजी ३०० व्होल्टच्या वर मिळून सगळी उपकरणे एकाच वेळी जळू शकतात. आमच्याकडे न्यूट्रलचे वाचन ०.८ मेगओहम आले, किमान मर्यादेच्या खाली.

मग त्यांनी चार तारांच्या पद्धतीने रोध मोजला. ५० चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमचा रोध २० अंशांना दर किलोमीटरला ०.६४१ ओहम आणि २५ चौरस मिलिमीटरचा १.२० ओहम असतो. त्याप्रमाणे आमच्या २१४ मीटरमध्ये एक फेज आणि न्यूट्रल मिळून, जमिनीचे तापमान धरून, ०.४१ ओहम यायला हवा होता. आला ०.५३. दोन फेजमधला रोध बरोबर होता, म्हणजे जास्तीचा ०.१२ ओहम एकट्या न्यूट्रलमध्ये कोठेतरी एका जागी बसलेला होता. आकडा क्षुल्लक वाटतो, पण त्यातून २५ ॲम्पियर गेले की ७५ वॅट उष्णता तयार होते, तीही मुठीएवढ्या टेपच्या गोळ्यात. गेल्या दोन वर्षांत रस्त्यावरचे सात एलईडी दिवे आम्ही बदलले, ते दिव्यांच्या दर्जामुळे नसून या ढिल्या न्यूट्रलमुळे गेले असे माझे मत झाले आहे.

या सेवेचा खरोखर मोलाचा भाग यानंतरचा आहे. त्यांनी पॅनलमध्ये एक नोंदणी यंत्र सहा आठवडे लावून ठेवले: तीन फेजवर आणि न्यूट्रलवर करंट मोजणारा एकेक क्लॅम्प (चिमट्यासारखे कडे), आणि चारही कोअर एकत्र मधून जातील असे एक मोठे कडे. सगळा करंट केबलमधूनच जाऊन केबलमधूनच परत येत असेल तर या कड्यात बेरीज शून्य येते. जेवढा वाटेत जमिनीत किंवा आर्मरमध्ये निसटतो तेवढाच तेथे दिसतो. कोरड्या दिवशी आमच्याकडे हा आकडा ३५ मिलिॲम्पियरच्या आसपास स्थिर होता, आणि दिव्यांच्या व चार्जरच्या इलेक्ट्रॉनिक भागांतून तेवढी गळती नेहमीच असते. ऑगस्टमधल्या प्रत्येक मोठ्या पावसानंतर मात्र तो १४० पर्यंत चढे आणि तीन-चार दिवसांत हळूहळू उतरे.

त्या आलेखात एक गोष्ट होती जी मी ३१ वर्षांच्या नोकरीत कधी इतक्या स्पष्टपणे पाहिली नव्हती. पावसानंतरची वाढ दिवसभर सारखी राहत नव्हती. संध्याकाळी सभागृहात कार्यक्रम असला आणि दिवे-वातानुकूलन सुरू झाले की ती वर जाई, रात्री सभागृह बंद झाले की खाली येई. फेजचे इन्सुलेशन गळत असते तर लोड असो वा नसो, गळती सारखीच राहिली असती, कारण फेजवरचे व्होल्टेज बदलत नाही. न्यूट्रलवर मात्र लोड वाढले की काही व्होल्ट चढतात आणि गळती त्यांच्यामागे जाते. म्हणजे हा आजार न्यूट्रलचा, पाण्याशी जोडलेला, आणि बहुधा अजून न उघडलेल्या जॉइंटमधला होता. सप्टेंबरच्या एका पावसानंतर न्यूट्रलचा टीडीआर पुन्हा घेऊन त्यांनी कोरड्या दिवसाच्या रेषेवर ठेवला. दोन्ही रेषा सगळीकडे एकमेकींवर बसल्या, फक्त ६१ मीटरवर वेगळ्या झाल्या.

हा जॉइंट आम्ही दिवाळीच्या आधी, स्वतः दिवस ठरवून, सभासदांना दोन दिवस आधी सूचना देऊन उघडला. आत न्यूट्रलची नळी हाताने हलत होती आणि आर्मरची एक पट्टी गंजून तिला टेकली होती. फ्यूज एकदाही न उडता, अंधार न होता सापडलेला हा आमच्या केबलचा पहिला दोष होय.

आता उणिवा. अहवाल पूर्ण इंग्रजीत आणि बराचसा यंत्रातून काढलेल्या चित्रांचा आहे. तो समजावून सांगायला मी नसतो तर कार्यकारिणीला त्याचा काडीचाही उपयोग झाला नसता. गुजराती किंवा मराठीत एक पान तरी हवे. मेगरच्या वाचनासोबत तापमान आणि त्या दिवशी जमीन ओली होती की कोरडी हे लिहिलेले नाही. इन्सुलेशनचा रोध तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मा होतो, पीव्हीसीत त्याहूनही झपाट्याने उतरतो, त्यामुळे मे महिन्याच्या आणि जानेवारीच्या आकड्यांची नुसती तुलना केली तर केबल उगाचच बिघडलेली किंवा सुधारलेली वाटेल. लांबीचेही तसेच आहे. केबल जितकी लांब तितका हा रोध कमी येतो, म्हणून वाचन किलोमीटरच्या हिशेबात आणून लिहायला हवे. आमचे ९ मेगओहम २१४ मीटरला गुणले की किलोमीटरला सुमारे १.९ होतात, आणि हाच आकडा दुसऱ्या केबलशी ताडून पाहता येतो. जॉइंटच्या जागांचा नकाशाही त्यांनी दिला नाही. तो मी काढला, आणि दोन्ही ठिकाणी सिमेंटचे खुणेचे दगड बसवून घेतले.

पैशांविषयी: फॉल्ट शोधण्याचे १२,००० रुपये, प्रत्येक जॉइंटचे साहित्यासह ६,५०० रुपये आणि नोंदणी यंत्राचे सहा आठवड्यांचे ९,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. यंत्राचे भाडे सभेत अनेकांना अनावश्यक वाटले होते. माझ्या मते तेच सर्वांत योग्य जागी खर्च झाले.

त्यांच्या माहितीपत्रकात पार्शियल डिस्चार्ज (इन्सुलेशनमधील सूक्ष्म ठिणग्या मोजणे) आणि व्हीएलएफ (अतिशय कमी वारंवारतेचा उच्च दाब देणे) या चाचण्याही आहेत. त्या ११ केव्ही आणि त्यावरच्या केबलसाठी उत्तम आहेत, ४१५ व्होल्टच्या केबलसाठी सोसायटीने त्यांवर पैसे घालू नयेत. तंत्रज्ञांनी आम्हाला त्या घ्या असे एकदाही सुचवले नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. पीव्हीसी किती म्हातारे झाले हे पाहायचे असेल तर जॉइंट करताना कापलेला हातभर तुकडा टाकून न देता जपून ठेवावा. १९७४ पासून चालत आलेली एर्डा (इलेक्ट्रिकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट असोसिएशन) ही विद्युत उपकरणांच्या चाचण्यांची संस्था आपल्याच शहरात मकरपुऱ्यात आहे, आणि इन्सुलेशन ताणल्यावर तुटेपर्यंत किती लांबते हे तेथे मोजून घेता येते. सर्वसाधारण प्रकारच्या नव्या पीव्हीसीला मूळ लांबीच्या दीडपट जास्त, म्हणजे १५० टक्के तरी, लांबायला हवे अशी भारतीय मानकाची अपेक्षा आहे. आमचा तुकडा मी पिशवीत तारीख घालून ठेवला आहे.

पूर्ण केबल बदलावी का, हा प्रश्न सभेत आला तेव्हा सेवेने दिलेला सल्ला समतोल होता. मधला चाळीस-पन्नास मीटरचा भाग बदलला तर दोन नवे जॉइंट येतात, आणि या केबलचे दोन्ही दोष जॉइंटमध्येच निघाले; बदलायची तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड बदलावी. नवी घेताना ती साडेतीन नव्हे तर चार कोअर असावी असे मी सुचवले आहे. १९८८ साली लोड मुख्यतः तीन फेजच्या मोटरचे होते आणि अर्ध्या जाडीचा न्यूट्रल पुरत होता. आता एलईडी, इन्व्हर्टर आणि चार्जर यांचे तिसऱ्या हार्मोनिकचे, म्हणजे मूळ विजेच्या तिप्पट वारंवारतेचे, करंट तिन्ही फेजचे न्यूट्रलमध्ये एकमेकांना काटत नाहीत, त्यांची तेथे बेरीज होते. यासाठी दोन वर्षांत निधी जमवायचे ठरले आहे. तोपर्यंत वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि ऑगस्टमधल्या मोठ्या पावसानंतर, चारही कोअरचा मेगर, फेज-न्यूट्रलचा रोध आणि कड्यातील गळती, असे सहा आकडे घ्यायचे आहेत. मेगर आणि गळती मोजणारा क्लॅम्प सोसायटीने स्वतः विकत घेतला आहे. रोधाच्या मोजणीसाठी तेवढे त्यांना बोलावू.

दुसऱ्या जॉइंटच्या दुरुस्तीनंतरची वाचने वहीच्या पहिल्या पानावर आहेत: फेज-न्यूट्रल रोध ०.४२ ओहम, न्यूट्रल-आर्मर १४ मेगओहम, गळती ३४ मिलिॲम्पियर, जमीन ओलसर, हवेचे तापमान ३१ अंश. रात्रपाळीच्या चौकीदारांसाठी पॅनलच्या दाराला दोरीने एक डायरी बांधली आहे. दिवे मिचकावले की तारीख आणि वेळ त्यात लिहायची. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून तिचे पान कोरे आहे.